हैबतरावांचे बत्तीस बोअर

एका जंगलात, मुलांनो, सगळ्यांना सगळ्यातले सगळे कळत होते. पाऊस कधी पडणार ते कळत होते, कोणाची सून कोणाशी का बोलत नाही ते कळत होते, आणि दुसऱ्याला आजार झाला की कोणती मुळी उगाळायची तेही कळत होते. त्यामुळे ते जंगल फारसे सुखी नव्हते. पण ते असो.

या जंगलात हैबतराव नावाचे एक साळिंदर राहत होते. साळिंदर पाहिले आहे ना तुम्ही? त्याच्या अंगभर वीत-वीत लांब काटे असतात. ते चिडले की काटे उभे राहतात आणि खळखळ वाजतात. हैबतराव वाटेने निघाले की आधी खळखळ ऐकू यायची आणि मग हैबतराव दिसायचे. ती खळखळ कानावर पडली की बिबट्यासुद्धा, "अरेच्चा, एक काम राहिलंच," असे म्हणून दुसरीकडे वळायचा. त्याला कारण होते. बिबट्याच्या सख्ख्या काकांनी तरुणपणी एका साळिंदराला तोंड लावले होते. पुढे तीन महिने काका पेजेवर होते.

तेव्हा हैबतरावांना भीती कसलीच नव्हती. दुःख मात्र होते, आणि ते पंगतीचे होते.

लग्नाच्या पंगतीत त्यांच्या डावीकडे दोन आणि उजवीकडे दोन पत्रावळी रिकाम्या ठेवीत. वाढपी भात लांबूनच टाकायचा. निम्मा पत्रावळीवर पडे, निम्मा मातीत. पहिल्या रांगेतली खुर्ची त्यांना जन्मात कोणी दिली नव्हती. "काय हैबतराव, बरं चाललंय ना?" असे म्हणून त्यांच्या पाठीवर कोणी थाप मारली नव्हती. ती कशी मारणार, तुम्हीच सांगा.

अशात एके वर्षी गवे सुभेदार फौजेतून पेन्शनीत निघून जंगलात परत आले. येताना कमरेला पिस्तूल घेऊन आले. ते जाकिटाखाली असे, म्हणजे कोणाला दिसत नसे. पण ते दिसत नाही हे सगळ्यांना दिसावे, याची काळजी सुभेदार घेत. बसताना कमरेवर हात ठेवून ते "हं" करत. उठताना जाकीट खाली ओढत. कोणी विचारले, "काही दुखतंय का?" तर "नाही, वस्तू आहे," असे हळूच सांगत. हळूच म्हणजे ओढ्यापलीकडे ऐकू जाईल इतके हळूच.

झाले! सुभेदारांना पहिल्या रांगेत खुर्ची मिळाली. त्यांच्या शेजारी बसायला पंगतीत ढकलाढकली होऊ लागली. हैबतराव आपल्या दोन आणि दोन रिकाम्या पत्रावळींच्या मधून ते पाहत राहिले.

घरी येऊन ते बायकोला म्हणाले, "अनसा, मी पिस्तूल घेतो."

अनसाबाई कंद सोलत होती. ती म्हणाली, "आन् त्याचं करनार काय?"

"जवळ बाळगणार. जिवाला जपायला नको?"

"मग हे अंगावर हायेत ते काय मक्याच्या कणसाचे केस हायेत व्हय?"

"काटे हे अडाण्याचं हत्यार आहे," हैबतराव म्हणाले. "कोणालाही दिसतं. सभ्य जनावराचं शस्त्र दिसत नसतं."

"जे दिसतच न्हाई, त्याला बिबट्यानं भ्यावं कसं?"

बायकोने असा प्रश्न केला की नवरे जिथे जातात तिथे हैबतराव गेले, म्हणजे पारावर.

पारावर सुभेदार बसले होते आणि मुंगूस चिमणराव बसले होते. चिमणरावांकडेही पिस्तूल होते, अगदी छोटे. पिस्तूल घ्यायचे आहे म्हटल्यावर दोघे सरसावून बसले.

"नळीचं भोक, म्हणजे बोअर, मोठा घ्या," सुभेदार म्हणाले. "पंचेचाळीस. एक लागली की दुश्मन तिथल्या तिथं आडवा."

"आणि झाडणारा मागं आडवा," चिमणराव म्हणाले. "हैबतराव, ऐका माझं. बावीस घ्या. धक्का नाही, आवाज नाही, काडतूस स्वस्त. सरावाला त्याच्यासारखं दुसरं नाही."

"सरावाला ठीक आहे हो. पण बिबट्याला बावीस मारलंत तर त्याला गुदगुल्या होतील."

"आणि तुमचं पंचेचाळीस लागलंच नाही तर? नेम चुकल्यावर बोअर काय चाटायचा आहे?"

"मग नऊ एमएम?" हैबतरावांनी भीत भीत विचारले. हा शब्द त्यांनी माकड न्हाव्याकडून ऐकला होता.

दोघांनीही त्यांच्याकडे कीव आल्यासारखे पाहिले. "ते फक्त सरकारी पंजांना मिळतं," सुभेदार म्हणाले.

मुलांनो, ही चर्चा सहा महिने चालली. सरावाला एक आणि बाळगायला एक अशी दोन घ्यावीत, असे एकदा ठरले. मग दोन्ही कमरेला लावली तर जाकिटाचे बटण लागणार नाही म्हणून ते मोडले. नळी लांब असली की नेम चांगला, पण मग ती बसताना मांडीत रुतते. नळी आखूड असली की लपते छान, पण नेम शेजाऱ्यावर जातो. लाकडी मूठ बरी की रबरी, यावर तर चिमणराव आणि सुभेदार आठवडाभर एकमेकांशी बोलत नव्हते. आणि या सहा महिन्यांत, दोघांपैकी कोणी कधी बिबट्यावर गोळी झाडली होती का, असे एकानेही विचारले नाही. असे विचारणे वाईट दिसते.

शेवटी बत्तीस बोअर ठरला. बत्तीसला कोणाचा पाठिंबा नव्हता आणि कोणाचा विरोधही नव्हता. आपल्याकडे चेअरमन असाच निवडतात.

"ठरलं एकदाचं!" हैबतराव घरी येऊन म्हणाले.

"बिबट्या आला तर काय करायचं, ते ठरलं का?" अनसाबाईने विचारले.

"अगं, बोअर ठरला!"

आता परवाना हवा होता. परवान्याचे काम कोल्हे फौजदारांकडे होते. फौजदारांनी अर्ज वाचला आणि चष्मा कपाळावर चढवला.

"जिवाला धोका कोणापासून?"

"बिबट्यापासून," हैबतराव म्हणाले.

"मग बिबट्याचा जबाब घ्यावा लागेल. एकतर्फी कसं लिहायचं?"

फौजदार रीतसर बिबट्याकडे गेले. बिबट्याने दोन्ही पंजांनी कान धरले. "हैबतरावांना मी? छे छे! त्यांच्या अंगावर एवढी शस्त्रं आहेत, त्यांना कोण हात लावतो? आमच्या काकांना विचारा."

अर्ज नामंजूर झाला. शेरा होता, 'अर्जदार अगोदरच सशस्त्र असल्याने धोका दिसून येत नाही.'

हैबतराव इतके हिरमुसले की दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी वाटेत त्यांना बिबट्या भेटला. तो अदबीने दहा हात लांब उभा राहिला.

"मला फार वाईट वाटलं हो," बिबट्या म्हणाला. "माझ्यामुळं तुमचं काम अडलं. एक सुचवू का? तुम्ही काटे उतरवा. मग धोका आहे असं मी लेखी देतो."

"खरंच द्याल?"

"स्टँपपेपरवर देतो. शेजारधर्म म्हणून काही आहे की नाही?"

तुम्हाला हसू येते आहे, मुलांनो? हैबतरावांना आले नाही. त्यांना गहिवरून आले. शिवाय काट्यांवर जाकीट बसत नव्हते, ही अडचणही होतीच. एकदा घालून पाहिले तर जाकिटाची चाळण झाली होती.

फौजदारांनी प्रतिज्ञापत्र लिहून दिले. 'माझ्या अंगावरील काटे हे शस्त्र असून ते मी स्वखुशीने उतरवले आहेत.' हैबतरावांनी खाली वळणदार सही केली. माकड न्हाव्याने एका बैठकीत सगळे काटे उपटून काढले. बिबट्याने शब्द पाळला. त्याने लिहून दिले, 'अर्जदाराच्या जिवाला माझ्यापासून धोका आहे व तो यापुढेही राहील, याची मी हमी देतो.' इतके चांगले अक्षर फौजदारांनी बऱ्याच दिवसांत पाहिले नव्हते.

हैबतराव घरी आले तेव्हा अनसाबाईने त्यांना आधी ओळखलेच नाही. ओळखल्यावर ती रडली. ओक्साबोक्शी रडली. "अवो, उंदरावानी दिसताय," म्हणाली.

"नवं जाकीट आलं की बघ," हैबतराव म्हणाले. वारा लागून त्यांना हुडहुडी भरली होती, पण ते त्यांनी सांगितले नाही.

जाकीट आले, पिस्तूल आले, आणि पुढच्याच आठवड्यात सशाच्या मुलीचे लग्न आले. हैबतराव मांडवात शिरले, कमरेवर हात ठेवून "हं" म्हणाले, आणि काय सांगू! पहिल्या रांगेतला एक जण उठला आणि त्याने त्यांना खुर्ची दिली. पंगतीत त्यांच्या दोन्ही बाजूंना पाहुणे खेटून बसले. भात सगळाच्या सगळा पत्रावळीवर पडला. आणि चिमणरावांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. "काय हैबतराव, बरं चाललंय ना?"

हैबतरावांच्या डोळ्यांत पाणी आले. यात थट्टा नाही. जन्मात पहिल्यांदा कोणाचा हात त्यांच्या पाठीवर टेकला होता. त्या दिवशी त्यांना मठ्ठासुद्धा गोड लागला. अनसाबाई पलीकडे बसली होती, तिच्या डावीकडे दोन आणि उजवीकडे दोन पत्रावळी रिकाम्या होत्या.

मग सराव सुरू झाला. काडतुसे महाग, त्यातून मोजून मिळायची, म्हणून ती जपून ठेवून सराव करायचे ठरले. रोज सकाळी वारुळामागे हैबतराव उभे राहत, जाकीट बाजूला सारत, पिस्तूल काढत आणि तोंडाने "ठो!" म्हणत. सुभेदार आणि चिमणराव बघायला बसत.

"ठोमध्ये दम नाही," सुभेदार म्हणत. "बत्तीसचा ठो इतका बारीक नसतो."

"बावीस घेतलं असतं तर ठो सोपा गेला असता," चिमणराव म्हणत.

दसऱ्याला पिस्तुलाची पूजा झाली. पाटावर मांडून झेंडूचे फूल वाहिले. हळदकुंकू जरा जास्तच पडले आणि नळीत गेले. कोणी ते पुसून काढले नाही, कारण पिस्तूल झाडायचे कोणाला होते?

आणि तेवढ्यात पाणवठा सोसायटीची निवडणूक लागली. आचारसंहिता आली. कोल्हे फौजदारांनी दवंडी पिटवली की निकाल लागेपर्यंत सर्वांनी आपापली परवान्याची शस्त्रे चौकीत जमा करावीत. सुभेदारांनी पंचेचाळीस जमा केले, चिमणरावांनी बावीस जमा केले. हैबतरावांनी बत्तीस जमा करून पावती घेतली आणि ती घडी करून जाकिटाखाली कमरेला, त्याच जागी ठेवली. "हं" म्हणायचे मात्र त्यांनी सोडले नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी नवराबायको टेकाडाच्या उतारावर कंद उकरत होती. अनसाबाई जरा वर होती, हैबतराव खाली होते. हैबतराव चालले तरी आता आवाज होत नसे. त्यामुळे बिबट्याला कोणतेच काम आठवले नाही. तो करवंदीच्या जाळीतून निघाला आणि थेट समोर येऊन उभा राहिला.

"नमस्कार," बिबट्या म्हणाला. "धोका आलाय."

हैबतरावांचा सराव कामी आला. जाकीट झटक्यात बाजूला झाले, हात कमरेला गेला आणि पावती बाहेर आली. ती त्यांनी बिबट्यावर रोखली आणि "ठो!" म्हणाले.

बिबट्या थबकला. "हे काय?"

"बत्तीस," हैबतराव म्हणाले.

बिबट्याने पंजा उचलला. तेवढ्यात वरून खळखळ खळखळ असा आवाज आला आणि अनसाबाई, साळिंदरांच्या रीतीप्रमाणे पाठ पुढे करून, उतारावरून दणादण उलटी आली. ती बिबट्याच्या तोंडावर आदळली. बिबट्याने अशी किंकाळी फोडली की पाणवठ्यावरचा प्रचार थांबला. नाकात आणि गालात काटे घेऊन तो पळत सुटला. हैबतराव अनसाबाईच्या मागे अंग चोरून बसले होते.

"गेला," अनसाबाई म्हणाली. "उठा आता."

हैबतराव उठले, जाकीट झटकले आणि म्हणाले, "लोकांत बोलू नको हं काही."

दुपारपर्यंत जंगलभर झाले की हैबतरावांनी बिबट्याला पळवले. पारावर चिमणरावांनी विचारले, "बत्तीसनं?" हैबतराव नुसते "हं" म्हणाले. सुभेदारांनी मान्य केले की बत्तीससुद्धा वाईट नाही.

पण बिबट्या कायदा पाळणारा होता. तो सुजलेल्या तोंडाने चौकीत गेला आणि त्याने तक्रार दिली. फौजदारांनी नवराबायकोला बोलावून घेतले. मागोमाग सगळे जंगल चौकीच्या दारात जमले.

"हैबतराव," फौजदार म्हणाले, "आचारसंहितेत शस्त्र चाललं आहे. तुमचं पिस्तूल माझ्या कपाटात आहे. मग चाललं ते कोणतं?"

हैबतरावांनी जाकीट खाली ओढले.

"माजे काटे लागले त्याला," अनसाबाई म्हणाली. "अंगावर आला, मग काय ओवाळू?"

"म्हणजे जमा न केलेलं शस्त्र."

"काटे कवाधरनं शस्त्र झाले? मग सुभेदारांची शिंगं काय हायेत?"

सुभेदार एक पाऊल मागे सरकले.

"शिंगं हा अवयव आहे," फौजदार म्हणाले. "शिंगांबद्दल कोणी काही लिहून दिलेलं नाही. काटे मात्र शस्त्र आहेत. तसं कागदावर आहे." त्यांनी प्रतिज्ञापत्र काढून सही दाखवली. सही फारच वळणदार होती.

अनसाबाईने नवऱ्याकडे पाहिले.

फौजदार तसे वाईट नव्हते. ते हैबतरावांना बाजूला घेऊन म्हणाले, "एक वाट आहे. हे प्रतिज्ञापत्र मागं घ्या. काटे म्हणजे अवयव, माझं चुकलं, एवढं लिहून द्या. वहिनी आत्ता सुटतील. तुमचा परवाना मात्र रद्द होईल. पिस्तूल सरकारजमा."

हैबतरावांनी दाराकडे पाहिले. दारात सगळे होते. खुर्ची देणारा होता, पंगतीत खेटून बसणारे होते, पाठीवर थाप मारणारे चिमणराव होते. काटे नसलेले आणि पिस्तूलही नसलेले हैबतराव त्या सगळ्यांना कसे दिसतील, ते त्यांना चांगले कळत होते. अनसाबाईने त्यांना 'उंदरावानी' म्हटले होते, ते आठवत होते.

"कायदा सगळ्यांना सारखा," हैबतराव म्हणाले. "चार दिवसांचा तर प्रश्न आहे. करून घ्या जमा."

फौजदारांनी शिपायांना खूण केली. शिपायांनी अनसाबाईकडे पाहिले आणि आपापल्या नाकाला हात लावला. एकही पुढे येईना.

"मग तुम्हीच या, हैबतराव," फौजदार म्हणाले. "तुम्हाला सवय आहे."

साळिंदराच्या जवळ कसे जायचे ते साळिंदरालाच माहीत असते. हैबतराव मागून नव्हे, तिच्या कुशीकडून गेले, आणि तिचे काटे आपसूक खाली बसले. नवरा जवळ आला की ते नेहमीच बसत.

"सकाळी ह्याच काट्यांमागं बसला हुतात," अनसाबाई म्हणाली.

"हळू बोल," हैबतराव म्हणाले. "लोक ऐकतायत."

त्यांनी एकेक करून सगळे काटे काढले. अनसाबाई ओरडली नाही आणि रडलीही नाही. तिने डोळे मात्र मिटून घेतले. फौजदारांनी काट्यांचा भारा सुतळीने बांधला, त्यावर चिठ्ठी लावली आणि तो पिस्तुलाशेजारी कपाटात ठेवला. हैबतरावांनी दुसरी पावती घेतली आणि पहिलीबरोबर घडी घालून कमरेला लावली.

कोपऱ्यात बसलेल्या बिबट्याने उठून दोघांसाठी दार धरले. "माझी काही तक्रार नाही आता," तो फौजदारांना म्हणाला. मग दोघे जरा पुढे गेल्यावर तोही त्याच वाटेने निघाला.

आठवड्याने मतमोजणी झाली. बत्तीस बोअरसारखाच एक चेअरमन निवडून आला. आचारसंहिता उठली. सुभेदार आपले पंचेचाळीस घेऊन गेले, चिमणराव आपले बावीस घेऊन गेले. एक पिस्तूल आणि काट्यांचा एक भारा न्यायला मात्र कोणीच आले नाही. फौजदारांनी दोनदा पुकारा केला. मग कपाटाला कुलूप लावले.

पारावर अजूनही हैबतरावांचा विषय निघतो. त्यांनी पंचेचाळीस घ्यायला हवे होते, असे सुभेदारांचे मत आहे. चिमणरावांच्या मते बावीस.

तात्पर्य: अंगच्या काट्यांना परवाना लागत नाही, म्हणून त्यांना पंगतीत मान नसतो. तेव्हा शहाण्याने ज्याला परवाना लागतो तेच शस्त्र बाळगावे, आणि त्याचा बोअर नीट विचार करून, चार जाणत्यांना विचारून, सावकाश निवडावा. बाकीचे बिबट्या बघून घेतो.